पेटंट मागायचं ते पाचरीचं

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, आमचं छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. वडिलांनी सुरू केलं, आता मी आणि धाकटा भाऊ बघतो. काही वर्षांपासून आम्ही व्हॅनच्या आतली कामं घेतो: फिरता दवाखाना, दातांची व्हॅन, रक्तदान शिबिराची गाडी. या गाड्या गावात एकाच जागी चार-पाच तास उभ्या राहतात. तेवढा वेळ इंजिन चालू ठेवून गाडीचा एसी चालवायचा म्हणजे डिझेल जळतं, धूर आत येतो. म्हणून आम्ही मागच्या दाराशी पत्र्याचं कपाट केलं आणि त्यात घरगुती दीड टनाचा विंडो एसी बसवला. शाळेच्या नाहीतर पंचायतीच्या मीटरवरून वायर घेतली की काम झालं. एसी चॅनलवर बसतो, चार मिनिटांत बाहेर निघतो. बिघडला तर सुटा रिपेअरला जातो, थंडीत गिऱ्हाईक तोच काढून ऑफिसात लावतं.

मागच्या उन्हाळ्यात अशा दोन गाड्या विकल्या. त्यांत एक खोड निघाली. भर दुपारी पाऊण तासात कॉम्प्रेसर ट्रिप व्हायचा. एसीने मागे टाकलेली गरम हवा कपाटातच फिरून बाजूच्या जाळ्यांतून परत आत ओढली जात होती. मधे रबर लावलेली चौकट घातली, पण रस्त्याच्या हादऱ्यांनी एसी पुढे सरकायचा आणि फट पडायची. आमचे मिस्त्री वीस वर्षांपासून आमच्याकडे आहेत. त्यांनी रेल मागच्या बाजूला उतरती केली, नायलॉनचे रोलर लावले आणि एसीच्या पुढच्या अंगाला खाचेत एक लोखंडी पाचर मोकळी सोडली. एसी मागे सरकला की पाचर आपल्या वजनाने खाली उतरते आणि त्याला परत पुढे येऊ देत नाही. जितके हादरे बसतील तितका एसी रबरावर घट्ट. बंद गाडी आठ दिवस हालोल रोडवर फिरवली, रोज दुपारी उभी करून एसी चालवला. एकदाही ट्रिप झाला नाही. ही तिसरी गाडी वीस दिवसांनी द्यायची आहे.

आता अडचण अशी. जवळच्याच एका वर्कशॉपवाल्याने आमच्या जुन्या गाडीचे फोटो काढून तसंच कपाट विकायला सुरुवात केली आहे. एक सल्लागार म्हणतात, साठ हजार द्या, "गाडीतला काढता येणारा एसी" याचं पेटंट गॅरंटीने मिळवून देतो. भाचा म्हणतो, विकल्यावरही एक वर्षाची मुदत असते, घाई नको. भाऊ म्हणतो, यात पेटंट घेण्यासारखं काय आहे, आपलं रोजचंच काम आहे. कोणाचं ऐकू?

उत्तर

नमस्कार. तिसरी गाडी अजून तुमच्या शेडमध्ये उभी आहे, ही तुमच्या पत्रातली सगळ्यात चांगली बातमी. अर्ज दाखल होऊन त्याचा नंबर हातात पडेपर्यंत ती गिऱ्हाइकाच्या ताब्यात देऊ नका. कपाट उघडून कोणाला दाखवू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो नको, व्हिडिओ नको. पाचर बाहेरून कापून घेत असाल तर ती कशासाठी आहे हे तिथे बोलू नका. वीस दिवस या कामाला पुरतात.

आता कोणाचं ऐकायचं ते. तिघांपैकी खऱ्याच्या सगळ्यात जवळ तुमचा भाऊ आहे. फक्त तो बोलतोय पहिल्या दोन गाड्यांबद्दल, आणि त्याला तिसरी गाडीही तशीच वाटते आहे.

आपल्याकडे १९७० चा पेटंट कायदा आहे. वस्तू नवीन हवी, कारखान्यात करता येण्याजोगी हवी, आणि त्या कामातल्या जाणकार माणसाला सहज सुचण्यासारखी नको, या त्याच्या मुख्य अटी. कारखान्यात करता येण्याचा प्रश्न तुमच्या बाबतीत नाहीच. अडतं ते उरलेल्या दोन ठिकाणी.

सल्लागारांनी सुचवलेला विषय घ्या: वाहनात एक कपाट, कपाटात एसी, आणि एसी बाहेर काढता येतो. यातला एकेक भाग जुना आहे. राहण्याच्या सोयीच्या गाड्यांत वेगळा एसी बसवणं परदेशात कित्येक दशकांपासून चालत आलं आहे. खोकं जागेवर पक्कं आणि आतलं यंत्र सरकवून बाहेर, ही रचनाही जुनीच. विंडो एसीचे असे प्रकार येऊन गेले आहेत की बाहेरचा डबा भिंतीतच राहतो आणि आतला सगळा सांगाडा ड्रॉवरसारखा ओढून काढता येतो. अमेरिकेतल्या मोटेलांत भिंतीत कायमचा डबा आणि त्यात सरकवलेला एसी हे नेहमीचं दृश्य आहे. गाडीतलं काढता-घालता येणारं यंत्र म्हणाल, तर तुमच्या-माझ्या वयाच्या लोकांना कारमधला तो कॅसेट प्लेयर आठवत असेल. रात्री चोरी होऊ नये म्हणून हँडल धरून डॅशबोर्डमधून ओढायचा आणि घरी न्यायचा. लग्नाच्या पंगतीत मांडीवर स्टीरिओ घेऊन बसलेले काका मी रावपुऱ्यात पाहिले आहेत. पेटंट तपासणारा अधिकारी अशीच उदाहरणं शोधून पुढे ठेवतो, आणि त्याला ती शोधायला फार वेळ लागत नाही.

कायद्याच्या ३(फ) या कलमाने तर ही वाट उघडपणेच बंद केली आहे. ओळखीच्या यंत्रांची नुसती मांडणी किंवा फेरमांडणी, ज्यात प्रत्येक यंत्र आपापलं काम स्वतंत्रपणे आणि पूर्वीसारखंच करत राहतं, ती शोध मानली जात नाही. तुमच्या पहिल्या दोन गाड्यांत नेमकं हेच आहे. कपाट हे कपाटाचं काम करतं, एसी एसीचं. दोघं एकमेकांना काही देत नाहीत. उलट कपाटामुळे एसीचं बिघडतच होतं.

"पण काढता येतो, ही नवी सोय नाही का?" असं तुम्ही विचाराल. सोय नक्कीच आहे, आणि गिऱ्हाईक त्यासाठीच पैसे देतं. तरी एखादी पक्की वस्तू सुटी करणं याला सहसा शोध म्हणत नाहीत. अमेरिकेत १९६१ साली याच मुद्द्यावर एका न्यायालयाने निकाल दिला होता. वस्तू होती लिपस्टिकची डबी. जुन्या डबीचं टोपण दाबून घट्ट बसवलेलं होतं, अर्जदाराने ते काढता येईल असं केलं होतं. न्यायालयाने म्हटलं, त्या टोकापर्यंत पोचायची गरज कोणाला वाटली असती तर टोपण सुटं करणं त्याला आपसूक सुचलं असतं. तो निकाल आपल्या पेटंट ऑफिसवर बंधनकारक नाही, पण विचाराची पद्धत इथेही तीच आहे. रिपेअरला बाहेर न्यायचाय म्हणून सुटा केला, यात जाणकाराला नवल वाटत नाही.

एवढ्यासाठी साठ हजार घालवू नका. आणि जो माणूस पेटंटची गॅरंटी देतो त्याच्याकडे कुठलंच काम देऊ नका. पेटंट देणं न देणं सरकारी अधिकाऱ्याच्या हातात असतं, ते तपासणीनंतर ठरतं, आणि मंजूर झालेलं पेटंटही पुढे रद्द होऊ शकतं. हे ज्याला माहीत आहे तो गॅरंटी देत नाही.

आता तिसऱ्या गाडीकडे येऊ. तुमच्या पत्राचा तो भाग मी तीनदा वाचला, कागदावर काढून पाहिला.

विंडो एसी मागच्या कॉइलमधून गरम हवा टाकतो आणि बाजूच्या जाळ्यांतून बाहेरची हवा ओढतो. भिंतीत बसवला की दोन्ही उघड्यावर असतात, त्रास होत नाही. कपाटात कोंडला की टाकलेली हवाच पुन्हा पोटात जाते, कॉइल निवत नाही, कॉम्प्रेसरवर ताण वाढतो आणि तो बंद पडतो. म्हणजे कॉइलच्या कडेने रबराची चौकट घट्ट टेकलेली असणं हा सगळा जीव आहे. घरात ती एकदा बसवली की झालं. गाडीत ती दर खड्ड्याला सुटते. गाडीत घरगुती एसी बसवण्यातली खरी अडचण ही आहे, आणि मिस्त्रींनी हात घातला तो इथेच.

तुम्ही उताराचा कोन लिहिलेला नाही. समजा ४ अंश आहे. दीड टनाचा विंडो एसी साधारण ५० किलोचा धरला, तर तेवढ्या उतारावर तो आपल्या वजनाने सुमारे साडेतीन किलोच्या जोराने मागे ओढला जातो. साध्या लोखंडी चॅनलवर एवढ्या जोराने तो हलणारही नाही, घर्षणच त्याला धरून ठेवेल. नायलॉनच्या रोलरवर तो सरकतो, आणि हादरे त्याला आणखी मोकळं करतात. पण जोरात ब्रेक मारला तर हाच एसी वीस-पंचवीस किलोच्या जोराने पुढे यायला बघेल. तिथे उतार एकटा पुरा पडत नाही, पाचर कामाला येते. हादऱ्याने एसी केसभर मागे गेला की पाचर केसभर खाली उतरते, आणि ब्रेक लागला तरी मिळवलेलं अंतर सोडत नाही. रबर दिवसेंदिवस दबून पातळ होईल, तेही ती आपोआप भरून काढेल. एका कंपनीचा एसी काढून बोटभर आखूड असलेला दुसरा घातला तरी बहुधा चालेल. हे एकदा करून बघा, चाललं तर मला कळवा, कारण अर्जात ते फार मोलाचं ठरेल.

इथे उतार, रोलर, पाचर आणि रबर एकमेकांत गुंतून काम करतात. एक काढलं तर बाकीची तिन्ही निकामी होतात. ज्या हादऱ्यांनी पहिल्या गाड्या बिघडवल्या तेच हादरे इथे फट बुजवतात. ३(फ) मधल्या "स्वतंत्रपणे काम करतात" या शब्दांना उत्तर द्यायला तुमच्याकडे ही जागा आहे. म्हणून पेटंट मागायचंच असेल तर पाचरीचं मागा. कपाट आणि एसी हे तिच्याभोवतीचं घर म्हणून येऊ द्या.

अधिकारी काय म्हणेल तेही ऐकून ठेवा. तो म्हणेल, पाणी मागे वाहावं म्हणून विंडो एसी सगळीकडे मागे जरा कलता बसवतातच, आणि पाचर तर माणूस अनादि काळापासून वापरतो. दोन्ही खरं आहे. मिस्त्रींनीही पहिला उतार पाण्यासाठीच दिला असेल तर मला नवल वाटणार नाही. तुमच्या बाजूने सांगायचं ते असं, की घरचा उतार पाणी काढतो, एसीला रबरावर दाबत नाही, आणि उतार व पाचर जोडीने वापरून गाडीच्या हादऱ्यांकडूनच फट बुजवून घेणं आधी कोणी केलेलं नाही. हे शेवटचं वाक्य तुम्हाला शोध घेऊन खात्रीने म्हणता आलं पाहिजे. आपल्या पेटंट ऑफिसचा शोध-संग्रह, युरोपचा एस्पेसनेट आणि जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा पेटंटस्कोप हे तिन्ही फुकट आहेत. भाच्याला कामाला लावा. पेटंटं विषयवार वर्गांत लावलेली असतात: वाहनातल्या थंड-गरम हवेचा वर्ग बी६०एच आहे आणि घरगुती एसीचा एफ२४एफ. दोन्हीकडे बघायला सांगा, आणि शब्दांपेक्षा आकृत्या चाळायला सांगा. आकृतीत पाचर दिसली की ते पेटंट बाजूला काढायचं.

तुमच्या भावाच्या शंकेवर एक जुना खटला सांगते, कारण तो तुमच्यासारख्याच लोकांचा आहे. मिर्झापूरचे भांडी करणारे दोन कारखाने. लेथवर भांडं फिरवून घासताना ते सुटून उडायचं, कारागिराला लागायचं. एका कारखान्याने ते दाबून धरायची युक्ती केली, त्यावर पेटंट घेतलं आणि दुसऱ्यावर दावा लावला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९७८ साली न्यायालयाने ते पेटंट रद्दच ठरवलं. लेथवर वस्तू दाबून धरायची साधनं कारागिरांना आधीपासून माहीत होती, आणि कारखान्यात रोज होणाऱ्या सुधारणेपेक्षा पेटंटाला काहीतरी अधिक लागतं, असं त्याचं म्हणणं. बिश्वनाथ प्रसाद विरुद्ध हिंदुस्थान मेटल हा निकाल आजही अशा प्रकरणांत पुढे केला जातो, तुमच्याही केला जाईल. पण त्याच निकालात दुसरी बाजूही लिहिलेली आहे: जुनेच भाग अशा रीतीने जोडले की त्यांच्या आपसातल्या कामातून नवा किंवा सुधारलेला परिणाम निघतो, तर त्या जोडणीला पेटंट मिळू शकतं. तुमचा भाऊ पहिलं वाक्य सांगतोय. तुम्हाला दुसऱ्या वाक्यावर उभं राहायचं आहे.

त्यासाठी आकडे लागतील. "ट्रिप झाला नाही" एवढ्याने भागत नाही. दोन साधे डिजिटल थर्मामीटर घ्या. एक एसीच्या बाजूच्या जाळीशी लावा, एक गाडीबाहेर सावलीत. दोन्हीत जेवढा फरक, तेवढी गरम हवा परत ओढली जाते आहे असं समजा. क्लॅम्प मीटरने दर दहा मिनिटांनी कॉम्प्रेसरचा करंट घ्या. आधी पाचर काढून, रेल सपाट करून, हालोलपर्यंत एक फेरी मारा आणि मोजा. मग पाचर आणि उतारासह तीच फेरी, त्याच वेळेला, तोच एसी. पाचर किती मिलिमीटर खाली आली तेही पट्टीने मोजा. सगळं पानांचे नंबर घातलेल्या वहीत, तारीख टाकून, मोजणाऱ्याच्या सहीने. पुढे अधिकारी "यात तांत्रिक प्रगती काय?" असं विचारेल, तेव्हा ही वही बोलेल. पाचरीचा कोन बदलूनही बघा. कोन मोठा झाला की ब्रेकच्या धक्क्याने पाचर वर उचलली जाईल. कुठल्या अंशापर्यंत ती टिकते ते सापडलं तर अर्जात एकच आकडा न लिहिता अमुक ते अमुक अंश असं लिहिता येतं, आणि नक्कल करणाऱ्याला एका अंशाच्या फरकाने निसटता येत नाही.

आता भाच्याची एक वर्षाची मुदत. इंटरनेटवर वाचलं असेल तर ते बहुधा अमेरिकेबद्दल असणार. तिथे शोधकर्त्याने स्वतः उघड केल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करता येतो. आपल्याकडे अशी सरसकट सवलत नाही. सरकारने अधिसूचित केलेलं प्रदर्शन, विद्वत्सभेपुढचा निबंध, अशा मोजक्या प्रसंगांपुरतीच ती आहे. अर्जाआधी विकलेली, लोकांच्या वापरात गेलेली वस्तू नवीन राहत नाही. माझ्याकडे एकदा वाघोडियाचे एक उद्योजक उत्तम काम घेऊन आले होते. सगळं झाल्यावर कळलं की आदल्या वर्षी व्यापारी मेळ्यात त्यांनी आकृतीसकट पत्रकं वाटली होती. त्यांना परत पाठवताना फार वाईट वाटलं. म्हणून गाडी देऊ नका हे मी सुरुवातीलाच लिहिलं.

पहिल्या दोन गाड्यांतलं जे आहे, म्हणजे कपाट, सपाट चॅनल, रबराची चौकट, ते गेलं. शेजारचा त्याची नक्कल करतोय तिला आता पेटंटने अडवता येणार नाही, मनाला लागलं तरी. उतार आणि पाचर मात्र अजून तुमचेच आहेत. हालोल रोडवरच्या फेऱ्यांची मला फार काळजी वाटत नाही. गाडी बंद होती, आत काय आहे ते रस्त्यावरच्या कोणाला दिसलं नाही. शिवाय कलम ३२ प्रमाणे अर्जाच्या आधीच्या एका वर्षात अर्जदाराने केवळ चाचणीसाठी, आणि उघड्यावर करणं भाग होतं म्हणून केलेला वापर अर्जाच्या आड येत नाही. तरी त्याच्या भरवशावर आणखी फेऱ्या लांबवू नका. वरच्या मोजणीपुरत्या करा, आपलीच माणसं घेऊन.

अर्ज दोन टप्प्यांत करा. आत्ता प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरतं स्पेसिफिकेशन (शोधाचं लेखी वर्णन). त्यात क्लेम, म्हणजे नेमका कशावर हक्क मागतो ते सांगणारी वाक्यं, लिहावे लागत नाहीत, पण रचना पूर्ण आणि आकृत्यांसह हवी, कारण आजची तारीख तेवढ्यालाच मिळते जेवढं त्यात लिहिलेलं आहे. बाजूने कापलेली आकृती काढा. गाडीचा मागचा भाग, उतरती रेल, एसी, रबर, पाचर, आणि हवा कुठून येते कुठे जाते त्याचे बाण. त्या तारखेपासून १२ महिन्यांत पूर्ण स्पेसिफिकेशन दिलं पाहिजे, नाहीतर अर्ज सोडून दिला असं धरतात. मजकूर हिंदीत किंवा इंग्रजीत लागतो, मराठी किंवा गुजराती चालत नाही. पहिला क्लेम कुठल्या अंगाने जावा ते तुम्हाला कळावं म्हणून मराठीत लिहून बघते:

"वाहनात बसवायचं असं कपाट, ज्यात वाहनाच्या मागच्या दिशेला उतरती रेल आहे, तिच्यावर सरकणारा, काढता येणारा एसी आहे, एसीच्या मागच्या कडेला टेकून आत येणारी हवा आणि बाहेर जाणारी गरम हवा वेगळी ठेवणारी लवचीक चौकट आहे, आणि एसीच्या पुढच्या अंगाला मोकळी सोडलेली पाचर आहे, जी एसी चौकटीकडे सरकेल तशी स्वतःच्या वजनाने उतरते आणि त्याला उलट दिशेला येऊ देत नाही, ज्यामुळे वाहनाच्या हादऱ्यांनी चौकटीवरचा दाब टिकून राहतो."

शेवटचा तुकडा टाळू नका. जान तिथे आहे. ज्या कोणाकडून काम करून घ्याल, त्यांना आधी विचारा, पहिला क्लेम कशावर लिहिणार. उत्तरात पाचर आली नाही तर दुसरीकडे जा.

पैशांचं थोडक्यात सांगते. व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १,६०० रुपये आहे. फर्मच्या नावाने भरायचा आणि तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) असेल तर फॉर्म २८ जोडा, तीच फी लागेल. नाहीतर ८,००० रुपये. तपासणीची विनंती वेगळी करावी लागते, सवलतीच्या दराने ४,००० रुपये. २०२४ च्या नव्या नियमांप्रमाणे ती पहिल्या अर्जाच्या तारखेपासून ३१ महिन्यांच्या आत करायची, विसरलात तर सगळं बुडतं. गुजरातचे अर्ज मुंबई ऑफिसच्या हद्दीत येतात, पण सगळं ऑनलाइन होतं, जावं लागत नाही. बाकी खर्च मसुदा लिहिणाऱ्याच्या मेहनतीचा. नोंदणीकृत पेटंट एजंट आहे का, तेवढं बघून घ्या.

अर्ज दाखल झाल्यावर गाडी बिनधास्त द्या. कपाटावर "पेटंटसाठी अर्ज केला आहे" असं लिहिता येईल. "पेटंट मिळालेलं" असं मात्र मंजुरीआधी लिहू नका, त्यासाठी दंड होतो. शेजाऱ्याने पाचरीची नक्कल केली तरी मंजुरी मिळेपर्यंत दावा लावता येत नाही. पण अर्ज प्रसिद्ध झाल्याच्या तारखेपासूनची भरपाई नंतर मागता येते. एरवी प्रसिद्धी १८ महिन्यांनी होते. पूर्ण स्पेसिफिकेशन दिल्यावर सवलतीच्या दराने २,५०० रुपये भरून ती लवकर करून घेता येते. तुमच्या बाबतीत मी ते करीन. कपाटाचं बाहेरचं रूप वेगळं आणि देखणं असेल तर डिझाइन म्हणून त्याची नोंदणी निराळी होते, तिलाही आधी न दाखवल्याची अट आहे. आरटीओची मंजुरी हा पूर्ण वेगळा विषय. पेटंट असलं तरी गाडीतल्या बदलांना मोटार वाहन कायदा लागतोच.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण पत्र वाचल्यापासून माझ्या मनात तीच आहे. उतार मिस्त्रींनी दिला, रोलर त्यांनी लावले, पाचर त्यांनी सोडली, हे सगळं तुम्हीच लिहिलं आहे. मग शोधकर्ते ते आहेत. तुम्ही आणि भावाने त्यात डोकं घातलं असेल, कोन ठरवला असेल, तर तुम्हीही त्यांच्यासोबत. पण त्यांचं नाव गाळून नुसतं तुमचं घालणं खोटं होईल, आणि ते कायद्यातही टिकणार नाही. आपल्या पेटंट कायद्यात नोकराने केलेला शोध आपोआप मालकाचा होत नाही. फर्मच्या नावाने अर्ज करायचा तर शोधकर्त्याने हक्क फर्मला दिल्याची सही लागते. त्यासाठी फॉर्म १ मध्येच जागा आहे.

ती सही "इथे सही करा" म्हणून घेऊ नका. संध्याकाळी शेड बंद झाल्यावर मिस्त्रींना समोर बसवा, अर्ज त्यांच्या भाषेत वाचून दाखवा, हक्क फर्मकडे जातोय आणि शोधकर्ता म्हणून नाव त्यांचं राहतंय हे नीट सांगा. बदल्यात काय देणार ते आत्ताच ठरवा आणि कागदावर लिहा. दर कपाटामागे काही रक्कम, किंवा जे दोघांना पटेल ते. वीस वर्षांच्या माणसाशी हे बोलणं अवघड वाटेल, पण विक्री वाढल्यावर ते याहून अवघड होतं, आणि उद्या शेजारच्या शेडने त्यांना जास्त पगार देऊन बोलावलं तर तुमच्याकडे कागद असेल आणि त्यांच्याकडे आपलं नाव असेल.

पाचरीची कल्पना नेमकी कशी सुचली तेही त्यांना विचारा आणि त्यांच्याच शब्दांत वहीत लिहून ठेवा, तारखेसकट. आणि फॉर्मवर नावाचं स्पेलिंग त्यांच्या आधार कार्डावर आहे तसंच घाला, घरच्या हाकेचं नको.